शेतजमिनीतील आर्सेनिक : जमा-नावेचा हिशोब

व्यापार-उद्योगाच्या पानावर मातीतल्या विषाची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आम्ही कापडाचा धंदा करणारे. शेतीशी आमचा संबंध कापसाच्या गाठीपुरता. पण माल कोठून येतो आणि कोणाच्या हातून येतो, हे व्यापाऱ्याला पाहावेच लागते. शांतीपूर व फुलियाच्या सुती साड्या नदिया जिल्ह्यातून येतात. रेशमी कापड मुर्शिदाबादहून येते. त्यासाठी लागणारे रेशमाचे कोष मालदा जिल्ह्याच्या कालियाचक भागात तयार होतात. मुंबई-भिवंडीकडे मजुरीला येणारे कित्येक तरुणही याच जिल्ह्यांतले आहेत. आणि हेच जिल्हे देशातल्या आर्सेनिकग्रस्त जिल्ह्यांच्या यादीतही वरच्या क्रमांकावर आहेत.

विणकराच्या तळहातावर चट्टे उठून कातडी जाड व खरखरीत झाली की धोटा हातात नीट धरता येत नाही. घरातले एक माणूस आजारी पडले की माग थांबतो. तेव्हा हा विषय आपल्या धंद्याचाही आहे.

पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु तेच पाणी शेतात जाते, मातीत साठते, भाताच्या मुळातून दाण्यात उतरते आणि तांदळाच्या पोत्यातून दूरच्या बाजारात पोहोचते, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. हे विष जमिनीत कसे येते, तेथे टिकते कसे, कशाने सुटते व कशाने आवरता येते, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

जुन्या ओळखीचे विष

आर्सेनिक हे नाव इंग्रजी असले तरी वस्तू आपल्याला नवी नाही. मराठीत ज्याला सोमल म्हणतात आणि उर्दूत संखिया, ते आर्सेनिकचेच पांढरे रूप. पिवळा हरताळ व तांबडी मनशीळ ही गंधकाशी संयोग पावलेली त्याचीच खनिजे होत. पूर्वी हस्तलिखित पोथीत चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत. त्यावरूनच एखाद्या गोष्टीला 'हरताळ फासणे' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला. हकीम-वैद्यांनी ही द्रव्ये औषधात वापरली, रंगाऱ्यांनी रंगात वापरली आणि शेतकऱ्यांनी कीड मारण्यासाठी फवारली.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. इतर अनेक कीटकनाशके काळ लोटला की कुजून, विघटन होऊन नाहीशी होतात. आर्सेनिकचे तसे होत नाही. ते जाळून संपत नाही आणि पाणी उकळून निघत नाही; उलट पाणी आटते व त्याचे प्रमाण वाढते. पाण्यात त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. ते फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, किंवा एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत. म्हणून त्याचा विचार व्यापाऱ्याने वहीतल्या रकमेसारखा करावा: एका खात्यातून निघाली की ती दुसऱ्या खात्यात जमा झालेलीच असते.

बंगालमध्ये काय घडले

हिमालयातून गंगा व ब्रह्मपुत्रा या नद्यांनी हजारो वर्षे गाळ वाहून आणला व त्यातून बंगालची सखल भूमी बनली. या गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजाचे पातळ थर असतात व त्या थरांना आर्सेनिक चिकटलेले असते. गाळाबरोबर झाडपाला व इतर कुजणारे पदार्थही गाडले गेले. जमिनीखाली हवा पोहोचत नाही. तेथील सूक्ष्म जीवाणू प्राणवायूऐवजी या लोहाच्या गंजाचा उपयोग करून कुजका पदार्थ खातात. त्यात गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक मोकळे होऊन पाण्यात येते. म्हणजे बंगालमध्ये हे विष कोण्या कारखान्याने सोडलेले नाही. ते भूगर्भातलेच आहे.

पण ते वर आणले माणसाने, आणि तेही चांगल्या हेतूने. तळ्या-नद्यांचे पाणी पिऊन पटकी व हगवणीने मुले दगावत. त्यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकापासून बांगलादेशात युनिसेफच्या मदतीने लाखो हापसे बसविण्यात आले. पश्चिम बंगालमध्येही उथळ बोअरांचे जाळे पसरले. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर काळे-पांढरे ठिपके व तळहात-तळपाय खरखरीत झालेले रुग्ण आले आणि या आजाराचे मूळ पाण्यातल्या आर्सेनिकमध्ये असल्याचे निष्पन्न झाले. पुढे जादवपूर विद्यापीठाच्या डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगावचे पाणी तपासून या संकटाची व्याप्ती जगापुढे मांडली. बांगलादेशात १९९३ मध्ये चापाई नवाबगंज येथे प्रथम आर्सेनिक सापडले. पुढे तेथे झालेल्या पाहणीचा अहवाल २००१ मध्ये निघाला. त्यानुसार १५० मीटरहून कमी खोलीच्या विहिरींपैकी २७ टक्के विहिरींत लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ पासून सुचविलेली मर्यादा १० मायक्रोग्रॅमची आहे व भारतीय मानकातही आता तीच आहे. बांगलादेशची सरकारी मर्यादा मात्र ५० आहे.

त्या देशात २००० नंतर सुमारे ५० लाख विहिरी तपासण्यात आल्या. घातक हापशाला लाल रंग व चांगल्याला हिरवा रंग लावण्यात आला. अडाणी माणसालाही कळेल असा हा साधा उपाय. पण ही मोहीम पिण्याच्या पाण्यासाठी होती. हापशाला लाल रंग लागला आणि जवळच्या शेतात त्याच थरातले पाणी उपसणारे इंजिन चालूच राहिले.

एकराचा हिशोब

बंगालमध्ये हिवाळा-उन्हाळ्यात घेतल्या जाणाऱ्या भातपिकाला बोरो म्हणतात. जानेवारीच्या सुमारास लावणी व एप्रिल-मे मध्ये कापणी. पाऊस नसतो, त्यामुळे सगळे पाणी उपशाचे. या एका पिकाने बंगालची भूक भागवली, हे नाकारता येत नाही. बांगलादेशच्या एकूण तांदळापैकी निम्म्याहून अधिक तांदूळ आज बोरोचा असतो.

आता सरळ हिशोब मांडू. बोरोला हंगामात साधारण एक मीटर उंचीचे पाणी लागते असे धरले, तर एका एकरात सुमारे ४० लाख लिटर पाणी जाते. त्या पाण्यात लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल, आणि बंगालच्या बाधित भागात हा आकडा मुळीच असाधारण नाही, तर एका हंगामात एकरी ४०० ग्रॅम आर्सेनिक जमिनीच्या खात्यावर पडते. वरच्या अर्ध्या फूट मातीचे वजन एकरी सुमारे ८ लाख किलो. म्हणजे किलोभर मातीत दरवर्षी अर्ध्या मिलिग्रॅमची भर. सर्वसाधारण चांगल्या मातीत किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम आर्सेनिक निसर्गतःच असते. ज्या मातीत मुळात ५ होते, तेथे दहा वर्षांत ही रक्कम दुप्पट होते.

ही झाली जमेची बाजू. नावेची बाजूही आहे. पावसाळ्यात पुराचे पाणी शेतात चढते, काही आठवडे राहते आणि ओसरताना मातीतले थोडे आर्सेनिक घेऊन जाते. बांगलादेशातील मुन्शीगंज भागात शास्त्रज्ञांनी हे मोजले व २०१० मध्ये प्रसिद्ध केले. सिंचनाने दरवर्षी आलेल्या आर्सेनिकपैकी १३ ते ६२ टक्के पुराबरोबर निघून जाते असे त्यांना आढळले. म्हणजे ज्या शेतात दरवर्षी पूर चढतो तेथे साठा सावकाश वाढतो, आणि बंधारे घालून पूर अडविलेल्या उंचवट्याच्या शेतात तो भराभर वाढतो. शेजारी-शेजारी असलेल्या दोन गावांतही फरक का पडतो, त्याचे हे एक कारण आहे.

शेतातही सगळीकडे सारखे प्रमाण नसते. बोअरचे पाणी हवेत आले की त्यातले लोह गंजून तांबूस गाळ धरते व त्याबरोबर आर्सेनिकही खाली बसते. म्हणून पाणी जेथून शेतात शिरते त्या तोंडाशी आर्सेनिक सर्वांत जास्त, आणि दूरच्या बांधाकडे कमी. शेतकऱ्याने तोंडापासचे खुरटलेले भात पाहिले, तर त्याचा दोष बियाण्याला देण्याआधी त्या कोपऱ्यातली माती तपासावी.

रंग पक्का की कच्चा

आता मुख्य मुद्दा. दोन शेतांच्या मातीत आर्सेनिकचा आकडा सारखाच असला, तरी एका शेतातल्या दाण्यात ते थोडे उतरते आणि दुसऱ्यात पुष्कळ. असे का होते?

हे रंगाऱ्याला चटकन समजेल. नुसता रंग कपड्यावर टिकत नाही. तुरटी किंवा लोहाचा क्षार मध्ये असला की तो धाग्याला धरून बसतो. मातीत आर्सेनिकला धरून ठेवण्याचे हे काम लोहाचा गंज करतो. माती कोरडी, हवेशीर असली की गंज घट्ट असतो व आर्सेनिकचा 'रंग' पक्का राहतो. शेतात आठवडेच्या आठवडे पाणी तुंबले की हवा कोंडते, गंज विरघळतो आणि रंग सुटू लागतो. भूगर्भात जे घडले तेच मग शेताच्या वरच्या थरात घडते.

इतकेच नव्हे, तर तुंबलेल्या मातीत आर्सेनिकचे रूपही बदलते. हवेशीर मातीतले रूप आर्सेनेट. पाणथळ मातीतले रूप आर्सेनाइट. हे दुसरे रूप अधिक विषारी आहे व मातीत कमी चिकटते. भाताला वाळूतल्या सिलिका या द्रव्याची फार गरज असते व ते आत घेण्यासाठी त्याच्या मुळांत खास वाटा असतात. आर्सेनाइट त्याच वाटांनी आत शिरते, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. गहू, मका, डाळी यांपेक्षा भातात आर्सेनिक अधिक का, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे: भात पाण्यात उभा असतो, आणि त्याच्या मुळांचे दार आर्सेनाइटला उघडे असते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाणी तुंबवून वाढविलेल्या भाताच्या दाण्यात, हवेशीर मातीत वाढविलेल्या भातापेक्षा दहा ते पंधरा पट अधिक आर्सेनिक आढळले.

पाण्याखेरीज आणखी काही गोष्टींचा परिणाम होतो.

मातीचा पोत: चिकण मातीत व लोह जास्त असलेल्या मातीत आर्सेनिक अडकून राहते. रेताड मातीत त्याला धरणारे थोडे, म्हणून आकडा कमी असूनही पिकाला धोका अधिक.

मातीचा स्वभाव: चुनखडीच्या, क्षारयुक्त मातीत आर्सेनेटची पकड ढिली पडते.

स्फुरद: स्फुरद आणि आर्सेनिक हे रसायनशास्त्राच्या हिशेबाने एकाच घराण्यातले. स्फुरदाचे खत घातले की ते लोहावरची आर्सेनिकची जागा बळकावते व आर्सेनिक मोकळे होते. दुसरीकडे, कोरडवाहू पिकात मुळाशी स्फुरद भरपूर असले तर आर्सेनेटला आत शिरायला वाव कमी मिळतो. म्हणून आर्सेनिकग्रस्त शेतात हे खत अंदाजाने नव्हे, माती तपासूनच घालावे.

सेंद्रिय खत: शेणखत वाईट नाही. परंतु पाणी तुंबलेल्या भातशेतात कच्चे शेण किंवा ओला पेंढा गाडला, तर जीवाणूंना खाद्य मिळते, हवा आणखी लवकर संपते व आर्सेनिक सुटते. खत चांगले कुजलेले असावे आणि ते लावणीच्या पुष्कळ आधी घालावे.

पिकावर व जनावरांवर परिणाम

बांगलादेशच्या फरीदपूर भागात एकाच बोअरवर दीड दशक भिजलेल्या भातशेताचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे मातीतले आर्सेनिक किलोमागे सुमारे १० मिलिग्रॅम होते तेथे हेक्टरी ७ ते ९ टन भात निघाले. जेथे ते ६०-७० पर्यंत चढले होते तेथे फक्त २ ते ३ टन. बियाणे तेच, मेहनत तीच, पाणी तेच. ज्या शेतकऱ्याच्या हाती महिन्यांच्या घामानंतर तिसरा हिस्साच पडतो, त्याला कर्ज कशामुळे चढले हे कोणी सांगितलेलेही नसते.

रोपात आर्सेनिक सर्वांत जास्त मुळात, त्याहून कमी पेंढ्यात व सर्वांत कमी दाण्यात असते. दाण्याच्या दृष्टीने ही चांगली बाब, पण पेंढा गाई-म्हशी खातात. त्यांचे शेण गोवऱ्या थापून चुलीत जाते आणि धुराबरोबर ते विष स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाते. विहीर बदलली तरी या वाटा चालूच राहतात.

माणसावर परिणाम वर्षानुवर्षांनी दिसतो: छाती-पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके, तळहात-तळपायांवर जाड कातडी व गाठी, आणि पुढे कातडी, फुप्फुस किंवा मूत्राशय यांचा कर्करोग. हा रोग संसर्गजन्य नाही. तरीही बंगालच्या खेड्यांत त्याला महारोग समजून मुलींची लग्ने मोडली, नांदत्या सुना माहेरी पाठविल्या गेल्या. अशा भागातून आलेल्या कारागिराच्या हातावर डाग दिसले म्हणून त्याला कामावरून दूर करणे हा अज्ञानातून होणारा जुलूम आहे.

कापसाच्या देशातला धडा

बंगालचे आर्सेनिक निसर्गाचे, पण माणसाने स्वतःच्या हाताने टाकलेले आर्सेनिकही जगात थोडे नाही. त्याचा मोठा दाखला आपल्याच धंद्यातला आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचे मोठे पीक होते. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून बोंड पोखरणारा एक भुंगा टेक्सासमध्ये शिरला व हळूहळू साऱ्या कापूसपट्ट्यात पसरला. (आपल्याकडची बोंडअळी ती निराळी.) पहिल्या महायुद्धानंतर त्याच्यावर कॅल्शियम आर्सेनेटची भुकटी धुरळण्यात येऊ लागली. आधी खेचरांवरून, नंतर विमानांतून. आजची बडी डेल्टा एअरलाइन्स ही विमान कंपनी १९२५ मध्ये कापसावर भुकटी टाकणाऱ्या विमानांच्या धंद्यातूनच जन्माला आली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले व आर्सेनिकची भुकटी मागे पडली. तरी टेक्सासमध्ये वेचणीपूर्वी झाडाची पाने वाळविण्यासाठी आर्सेनिक आम्लाची फवारणी चालूच राहिली. ती १९९३ मध्ये बंद झाली.

फवारणी थांबली, पण मातीतले आर्सेनिक गेले नाही. आर्कान्सा, लुइझियाना या राज्यांत कापसाच्या जुन्या जमिनींवर भात लावले गेले, पाणी तुंबले आणि लोहाला धरून बसलेले विष सुटले. भाताला एक रोग दिसू लागला: लोंबी दाण्याच्या भाराने वाकण्याऐवजी सरळ उभी राहते, कारण ती पोकळ असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत या दक्षिणेकडच्या तांदळात किलोमागे सरासरी ०.३० मिलिग्रॅम, तर कॅलिफोर्नियाच्या तांदळात ०.१७ मिलिग्रॅम आर्सेनिक आढळले. आजोबांनी कापसावर टाकलेली भुकटी नातवंडांच्या भातात उतरली. बाप गेला तरी देणे मिटत नाही, ते वारसांच्या नावावर चढते. जमिनीचेही तसेच आहे.

शेतकऱ्याच्या हातातले उपाय

पहिला उपाय पाणी तपासण्याचा. मातीत गेलेले आर्सेनिक काढणे अतिशय अवघड व महाग. येणारे थांबविणे त्या मानाने सोपे. बोअर खोल नेली की बंगालमध्ये बहुधा चांगले पाणी लागते, परंतु ते खोल पाणी पिण्यासाठी राखावे; शेतीसाठी उपसू लागलो तर तोही साठा धोक्यात येईल. शेतीला तळ्याचे, नदीचे, पावसाचे पाणी मिळेल तेथे तेच वापरावे.

दुसरा उपाय पिकाचा. उन्हाळी भाताऐवजी गहू, मका, मोहरी किंवा कडधान्ये घेतली तर पाणी कमी लागते, जमा कमी होते, आणि माती हवेशीर राहिल्याने पक्का रंग सुटत नाही.

तिसरा उपाय भात घेऊनच करण्याचा. फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आळीपाळीने ओले-कोरडे ठेवण्याची पद्धत सुचविली आहे. शेतात भोके पाडलेली नळी रोवतात. पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा फूट गेली की मगच पुन्हा पाणी देतात. फुलोऱ्याच्या वेळी मात्र पाणी कमी पडू देत नाहीत. यात पाण्याची ३० टक्क्यांपर्यंत बचत होते, इंजिनाचे डिझेल वाचते व दाण्यातले आर्सेनिक उतरते. एक सावधगिरी: माती कोरडी झाली की कॅडमियम नावाचे दुसरे विषारी द्रव्य पिकात वाढू शकते. जेथे ते आहे तेथे कृषी खात्याचा सल्ला घेऊनच हे करावे.

चौथा, पाण्याचा प्रवास लांब करण्याचा. बोअरचे पाणी थेट शेतात न सोडता खड्ड्यात किंवा लांब पाटातून नेले, तर लोहाबरोबर आर्सेनिकचा काही भाग वाटेतच बसतो. तो तांबूस गाळ मात्र खत समजून शेतात पसरू नये.

सिलिका घातल्यास, विशेषतः भाताचा तूस मातीत मिसळल्यास, मुळांच्या दाराशी आर्सेनाइटला प्रतिस्पर्धी मिळतो, असे प्रयोगांत दिसले आहे. २००१ मध्ये अमेरिकेत एक नेचेही सापडले. ते मातीतले आर्सेनिक मोठ्या प्रमाणात पानांत ओढून घेते. पण ती पाने शेवटी कोठे टाकायची हा प्रश्न उरतोच. मूलद्रव्य नाहीसे होत नाही.

व्यापाऱ्याने व गृहिणीने काय करावे

तांदळाचा व्यापार करणाऱ्या आमच्या बंधूंनी काही आकडे लिहून ठेवावेत. अन्नविषयक मानके ठरविणाऱ्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१४ मध्ये पांढऱ्या तांदळासाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम असेंद्रिय आर्सेनिकची मर्यादा ठरवली. युरोपीय संघाने २०१६ पासून स्वतःची मर्यादा लागू केली व २०२३ मध्ये पांढऱ्या तांदळासाठी ती ०.१५ वर आणली. बालकांच्या अन्नासाठीच्या तांदळाला ०.१०. तिकडे माल पाठविणाऱ्याने आपला तांदूळ कोणत्या जिल्ह्यातला, कोणत्या हंगामातला आहे याची नोंद ठेवली नाही, तर एका नमुन्यापायी सारा कंटेनर अडकू शकतो. चार ठिकाणचा माल एकत्र करून एका नावाने विकण्याची सवय येथे महागात पडते. हिमालयाच्या पायथ्याकडच्या बासमतीत सहसा आर्सेनिक कमी आढळते. पण 'सहसा' हा शब्द प्रयोगशाळेच्या दाखल्याची जागा घेऊ शकत नाही.

उकडा तांदूळ करणाऱ्या गिरणीवाल्यांनी आपले पाणी आधी तपासावे. दूषित पाण्यात भात उकडला तर पाण्यातले आर्सेनिक दाण्यात जाते. कोंड्यात आर्सेनिक अधिक असल्याने हातसडीचा तांदूळ पौष्टिक असला तरी बाधित भागात तो रोज खाणे योग्य नाही.

घरच्या स्वयंपाकात एक गोष्ट आपल्याकडे पूर्वापार आहे. बिर्याणीसाठी तांदूळ पुष्कळ पाण्यात उकळून ते पाणी निथळून टाकतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तांदूळ स्वच्छ धुवून, सहापट पाण्यात शिजवून पेज काढून टाकली असता निम्म्याहून अधिक आर्सेनिक कमी झाल्याचे दिसले. अट एकच: पाणी चांगले हवे. कुकरमध्ये मोजून पाणी घातले तर जे आहे ते सारे भातातच राहते. गरिबाच्या घरी पेज फेकणे जड जाते, हे आम्ही जाणतो. त्यात काही जीवनसत्त्वेही जातात. म्हणून हा सल्ला बाधित भागातील कुटुंबांसाठी व जेथे तीन वेळा भातच खाल्ला जातो तेथे विशेष लागू आहे.

आपल्या महाराष्ट्रात काळ्या कातळाच्या जमिनी आहेत व बंगालसारखा व्यापक प्रकार येथे नोंदलेला नाही. तरी गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये जाहीर झाले. तेथे ते गाळातून नव्हे, खडकांतून येते. विष जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. पूर्व विदर्भातील भात पिकविणाऱ्या गावांनी बोअरचे पाणी एकदा तपासून घेण्यात तोटा काहीच नाही.

बंगालशी ज्यांची देवघेव आहे त्यांनी साड्यांचा भाव करताना एक प्रश्न जरूर विचारावा: कारागिराच्या अंगणातल्या हापशाचे पाणी तपासले आहे काय, आणि त्याच्या शेताला कोणते पाणी जाते? ज्याच्या हातावर आपला धंदा उभा आहे त्याच्या पाणी-तपासणीचा खर्च चार व्यापाऱ्यांनी मिळून उचलला, तर तो एका साडीच्या किमतीपेक्षा फार जास्त होणार नाही.